वऱ्हाड कोणाचे? – साम्राज्याच्या अस्ताची आपल्या प्रांतातील कथा

(बी. ए. भाग २)

प्रास्ताविक

इतिहासाच्या तासाला सरांनी एकदा आम्हाला विचारले, "१५ ऑगस्ट १९४७ रोजी वऱ्हाडचा कायदेशीर धनी कोण होता?" वर्गात एकच उत्तर आले, "भारत सरकार." सर म्हणाले, "कागदावर तसे नव्हते. शोधून पाहा." त्या एका वाक्यामुळे मी ग्रंथालयात जाऊ लागलो, आणि जे हाती लागले ते ह्या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

युरोपीय साम्राज्यांच्या अस्ताचा अभ्यास करताना आपल्यापुढे अल्जीरिया येतो, केनिया येतो, व्हिएतनाम येतो. अमरावती आणि अकोला कधी येत नाहीत. आपल्याकडे इंग्रज आले, राज्य केले, चळवळ झाली आणि ते गेले, इतकी सरळ गोष्ट आपण समजतो. वस्तुतः वऱ्हाडची गोष्ट सरळ नाही. हा प्रांत जवळजवळ शंभर वर्षे इंग्रजांच्या ताब्यात होता, परंतु मालकी मात्र हैदराबादच्या निजामाची मानली जात होती. इंग्रज गेल्यावर ह्या दोन धन्यांच्या प्रांताचे काय होणार, हा प्रश्न १९४७ साली खरोखरच उभा राहिला होता.

आमचे गाव पूर्वीच्या अकोला जिल्ह्यात, आताच्या वाशीम जिल्ह्यात, पैनगंगेपासून फार लांब नाही. आमचे आजोबा नदीपलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणतात. हा शब्द त्यांच्या वडिलांचा. "आपणही आधी मोगलाईतलेच, इंग्रजाने आपल्याला मक्त्याने केले होते," असे ते वडील सांगत, असे आजोबा म्हणाले. अक्षरओळख नसलेल्या त्या माणसाने जे एका वाक्यात सांगितले, ते मला पुस्तकांतून जुळवायला दोन महिने लागले.

तोफेने घेतले, तहाने दिले

ह्या गोष्टीचा आरंभ आपल्याच भूमीवर झाला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे जनरल आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. इंग्रजी पुस्तकांत हीच लढाई 'अरगाव'ची म्हणून येते. पुढे पंधरा-सोळा दिवसांत, १५ डिसेंबरला, मेळघाटातील गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनला हरवले. चिखलदऱ्याला सहलीला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असते?

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला आणि इंग्रजांनी तो आपला मित्र निजाम ह्याला देऊन टाकला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निजामाचा वऱ्हाडवरील हक्क जुना होता हे खरे, पण एकोणिसाव्या शतकातील त्याची पूर्ण मालकी इंग्रजांच्या तोफेनेच सिद्ध केली होती. ज्याने दिले तोच पुढे घेणार होता.

गहाण आणि मक्ता

निजामाच्या राज्यात 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज होती. अंमलदार इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, खर्च मात्र निजामाचा. हा खर्च थकत गेला आणि कर्ज वाढत गेले. १८५३ साली लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत तह होऊन वऱ्हाड, धाराशीव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. तेथील उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवायचा आणि उरलेला पैसा हिशेबासह निजामाला द्यायचा, अशी अट होती. १८६० साली दुसरा तह होऊन धाराशीव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र सुटले नाही.

शेतकऱ्याच्या घरातील मुलाला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. सावकार ताबेगहाण करून घेतो, पिकातून व्याज वळते करतो आणि हिशेब विचारला की वही दाखवत नाही. फरक एवढाच की येथे गहाण पडलेले वावर म्हणजे चार जिल्ह्यांचा प्रांत होता.

गहाण का सुटले नाही, ह्याचे एक मोठे कारण कापूस होय. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे पाहिले. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला-बडनेरावरून नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावची रेल्वे सुरू करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. ज्या प्रांतासाठी व्हाइसरॉय येतो, तो प्रांत कोण परत करील? निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून खूप खटपट केली, १८७६ साली ते इंग्लंडलाही गेले, पण उपयोग झाला नाही. त्याच कापसाच्या प्रांतात १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मेली, हेही विसरता येत नाही. रुई वाहून नेणारी रेल्वे होती, दाणा विकत घ्यायला पैसा नव्हता.

अखेर १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाडचा कायमचा मक्ता लिहून घेतला. मोबदला वर्षाला २५ लाख रुपये. उत्पन्न कितीही वाढो, रक्कम तीच. मुदत कधीच संपणार नाही. मालकीचा शब्द मात्र निजामाकडे राहिला. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले.

१९२६ चे पत्र

पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ पासून वऱ्हाडवरील आपला हक्क पुन्हा मांडला. इंग्रजांशी आपण बरोबरीच्या नात्याने बोलू शकतो, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने २७ मार्च १९२६ रोजी जे उत्तर दिले, ते हिंदुस्थानच्या घटनात्मक इतिहासात प्रसिद्ध आहे. ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे आणि म्हणून कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करता येणार नाही, असा त्याचा आशय. तह असोत वा नसोत, आमची सत्ता तहांच्या वर आहे, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. सार्वभौम सत्तेच्या ह्या सिद्धांतावर विद्यार्थी टिपणे लिहितात, पण तो सिद्धांत आपल्या वऱ्हाडच्या भांडणातून इतक्या स्पष्टपणे मांडला गेला, हे क्वचितच सांगितले जाते.

दहा वर्षांनी वारे फिरले. इंग्रजांना सर्व संस्थाने एका संघराज्यात आणायची होती आणि त्यासाठी निजाम खूश राहणे आवश्यक होते. म्हणून १९३६ च्या कराराने निजामाचे वऱ्हाडवरील स्वामित्व पुन्हा मान्य करण्यात आले. युवराजांना 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. निजाम 'हैदराबाद व बेरारचे' निजाम झाले. गव्हर्नर नेमताना त्यांचे मत घ्यावे असे ठरले. कारभार मात्र होता तसाच मध्यप्रांताबरोबर चालू राहिला. म्हणजे एकाला मान, दुसऱ्याला धन.

१८०३, १८५३, १८६०, १९०२ आणि १९३६ अशा पाच वेळा आपल्या प्रांताचे कागद झाले. त्यांपैकी एकाही वेळी वऱ्हाडातील माणसाला विचारले गेले नाही. ह्या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. साम्राज्य मोडताना जो रक्तपात होतो, त्याची पेरणी ते भरभराटीत असतानाच झालेली असते. एकच जमीन दोघांना लिहून द्यायची आणि तिच्यावर राहणाऱ्यांना विचारायचे नाही, ही ती पेरणी.

लोक मध्ये येतात

न विचारलेले लोक मात्र गप्प बसले नाहीत. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. दादासाहेब खापर्डे यांनी टिळकांचा विचार येथे रुजवला. १९३० साली समुद्र नसलेल्या आपल्या मुलखात अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला, आणि त्याच वर्षी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख ही नावे आपल्याला परिचित आहेत. डॉक्टरसाहेबांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, त्यामुळे शेतकऱ्यांची मुले हायस्कूल-कॉलेजपर्यंत आली. हा लेख लिहिणारा त्यांतलाच एक, घरातून कॉलेजात आलेला पहिला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली आणि बेनोडा येथे लोकांनी बलिदान केले. ही गावे आजही 'यावली शहीद' आणि 'बेनोडा शहीद' ह्या नावांनीच ओळखली जातात. यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव. महाराजांनाही त्या वर्षी अटक झाली होती. १६ ऑगस्टला शेजारच्या आष्टी व चिमूर येथे उठाव झाले, त्यात पोलीस व अधिकारी मारले गेले, गावकरी मारले गेले, आणि नंतर चिमूरवर जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. तेव्हा इंग्रज शांतपणे गेले असे म्हणणाऱ्याने एकदा ह्या गावांतील स्तंभांवरची नावे वाचावीत.

१९४७ : मक्ता संपला, पुढे काय?

३ जून १९४७ ची योजना जाहीर झाली. इंग्रज गेले की संस्थानांवरील त्यांची सार्वभौम सत्ता संपेल आणि जुने तहही संपतील, असे ठरले. ११ जूनला निजामाने फर्मान काढले की, इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहण्यास मोकळे होईल. जुलैमध्ये त्यांचे शिष्टमंडळ दिल्लीत माउंटबॅटन यांना भेटले. त्याच्या मागण्यांत एक मागणी होती – वऱ्हाड परत द्या.

कायद्याच्या दृष्टीने ही मागणी अगदीच हास्यास्पद नव्हती. तह संपले म्हणजे मक्ताही संपला, आणि मक्ता संपला की वावर मूळ मालकाकडे जाते. १९३६ साली इंग्रजांनीच स्वामित्व मान्य केले होते. १९२६ साली ज्या सत्तेने "आम्ही तहांच्या वर" असे सांगितले, ती सत्ता आता स्वतःच निघून चालली होती आणि मागे फक्त कागद राहिला होता.

ह्याच सुमारास वऱ्हाडातील पुढारी दुसऱ्या चिंतेत होते. संयुक्त महाराष्ट्रात वऱ्हाडचे स्थान काय असावे, ह्याविषयी ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला करार झाला. एकीकडे निजाम प्रांत मागत होता आणि दुसरीकडे प्रांताची माणसे अकोल्यात बसून आपले भवितव्य स्वतः ठरवू पाहत होती. दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळा-पावसाळ्यातल्या.

भारत सरकारने वऱ्हाडचा कारभार पूर्वीप्रमाणेच मध्यप्रांताबरोबर चालू ठेवला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हैदराबादशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला आणि प्रश्न लांबणीवर पडला. वऱ्हाडात ह्या प्रश्नावरून मोठा रक्तपात झाला नाही. असे का? मला तीन कारणे दिसतात. पहिले, निजामाचा हक्क येथे केवळ कागदी होता. त्याची फौज वा पोलीस वऱ्हाडात नव्हते. दुसरे, १९३७ व १९४६ च्या निवडणुकांमुळे, मर्यादित मतदानाने का होईना, लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ कारभारात होते; १९४७ साली पं. रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री होते. आणि तिसरे म्हणजे चळवळीने गावोगाव माणसे उभी केली होती.

पैनगंगेच्या पलीकडे

नदीपलीकडे ह्या तिन्ही गोष्टी नव्हत्या. तेथे निजामाची फौज होती, लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकार होते आणि लोकांनी निवडलेले जबाबदार मंत्रिमंडळ नव्हते. १९४६ मध्येच बिलोलीजवळ अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ पासून भारतात सामील होण्यासाठी आंदोलन सुरू केले. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. रझाकारांच्या भीतीने हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून आली. आमच्या गावातही दोन कुटुंबे पावसाळाभर राहिली, असे आजोबांनी ऐकले आहे. त्यांना कोणी परके मानले नाही. बोली एकच, देव एकच, सोयरिकीही एकाच.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. मराठवाडा मुक्त झाला. १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन आपण आदराने पाळतो, आणि पाळलाच पाहिजे.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथे थांबता कामा नये. पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी सूडाचे प्रकार झाले. पं. नेहरूंनी पं. सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांचे शिष्टमंडळ पाठवले. संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज त्यांनी दिला. बळी पडलेले मुख्यतः मुसलमान होते, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड ह्या जिल्ह्यांना सर्वांत मोठी झळ बसली. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचवल्याचेही त्यांनी नोंदवले आहे. हा अहवाल कित्येक दशके बंद राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना पाहता आला. रझाकारांचा जुलूम जितका खरा, तितकेच हेही खरे. एक सांगून दुसरे लपवले तर आपणही सावकारासारखी अर्धीच वही दाखवल्यासारखे होईल.

जगाच्या नकाशावर

आता थोडे बाहेर पाहू. ज्या २९ नोव्हेंबर १९४७ ला हैदराबादचा 'जैसे थे' करार झाला, त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला. तेथेही इंग्रजांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात अरबांना एक आशा दाखवली होती आणि १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने ज्यूंना दुसरी. मे १९४८ मध्ये इंग्रज निघून गेले आणि युद्ध पेटले. ती आग अजून विझलेली नाही.

काही साम्राज्यांनी जाण्यासच नकार दिला. फ्रान्सने अल्जीरियात १९५४ ते १९६२ अशी आठ वर्षे युद्ध केले, कारण तेथे फ्रेंच वसाहतवाल्यांच्या जमिनी होत्या. बेल्जियमने १९६० साली काँगो सोडला, पण सात महिन्यांच्या आत लोकनियुक्त पंतप्रधान लुमुंबा यांची हत्या झाली. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगिजांनी १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि १९ डिसेंबर १९६१ ला सैन्य जाईपर्यंत ते हलले नाहीत. त्यांच्याच आफ्रिकेतील वसाहती १९७४ च्या लिस्बनमधील क्रांतीनंतर सुटल्या.

ह्या सर्वांत एक सूत्र आढळते. जेथे लोकांना आधीपासून कारभारात काही वाटा मिळाला होता, तेथे सत्ता बदलताना आग कमी लागली. जेथे मालकीचे दावे अनेक आणि लोकांचा आवाज शून्य, तेथे वणवा पेटला. पैनगंगेच्या दोन तीरांवर हा फरक एकाच वर्षात दिसतो. भारताची फाळणी मात्र सांगते की हे सूत्रही पुरेसे नाही. पंजाबात निवडणुका झाल्या होत्या, तरी लाखो माणसे मेली. म्हणून मी हा नियम म्हणून न मांडता विचारार्थ मांडत आहे.

उपसंहार

वऱ्हाडचा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. १९५० साली मध्यप्रदेश, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. निजामाचा हक्क भारतीय संघराज्यात विरून गेला. विदर्भ वेगळा असावा की नसावा ह्यावर आपण अजून वाद घालतो. तो वाद कोणाला आवडो वा न आवडो, पण तो आपणच घालतो आणि मत आपलेच असते, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. १९०२ साली माझ्या खापरपणजोबांच्या शेतासह साऱ्या प्रांताचा मक्ता झाला, तेव्हा त्यांना तो कळलाही नसेल. सारा भरण्याची तारीख तेवढी कळली असेल.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी वर्गात दिले. कागदावर धनी निजाम होता, कारभार प्रांतिक सरकारचा होता. "आणि खरा धनी?" सरांनी विचारले. मी म्हणालो, "सर, जो तिथे पेरत होता तो. पण त्याला ते सिद्ध करायला दीडशे वर्षे लागली." सर काही बोलले नाहीत, त्यांनी हजेरीचे पुस्तक उघडले.

वाचकहो, अडगाव, गाविलगड, दहीहंडा, यावली, बेनोडा ही गावे आपल्यापासून एस. टी.च्या एका तिकिटावर आहेत. जगाचा इतिहास शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सुट्टीत एखाद्या गावी जावे, म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे आणि त्यांना 'मोगलाई' म्हणजे काय ते विचारावे. ती माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.